मॅडमचं खातं

ईट, १७ जुलै २०२५

चि. शिवूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुला शिक्षिकेची नेमणूक मिळाली हे कळलं. आईनं येडाईची ओटी भरलीच असेल. इकडं मी बरी आहे.

रुजू होण्याआधी नवा फोन घेऊ का, इंटरनेटचा एखादा कोर्स करू का, असं विचारलंस. फोनवरच सांगणार होते, पण तो हातात घेतला की कुणाचं तरी काम मध्ये येतं. म्हणून कागद घेतला.

आमच्या वस्तीशाळेत आम्ही दोघंच. मुख्याध्यापक गोरोबा गुरुजी देवमाणूस. गणित असं शिकवतात की सुट्टी झाली तरी पोरं उठत नाहीत. पण इंटरनेट म्हटलं की हात झटकून मोकळे. 'ते मॅडमचं खातं,' म्हणतात. आजूबाजूच्या शाळांतले गुरुजीही पासवर्ड माझ्याकडं सोपवून निवांत. कुणाचं प्रशिक्षण, कुणाची बदली, कुणाची हजेरी, सगळं ऑनलाइन मीच भरायचं. मी म्हणे तंत्रस्नेही! सुरुवातीला मलाही लई कौतुक वाटलं. एकदा पोरांना फोनवर समुद्र दाखवला, तर श्वास रोखून बघत होती. गुरुजींनी एवढंच विचारलं, साहेबांना फोटो पाठवला का. इंटरनेट साहेबांसाठी असतं, पोरांसाठी नाही, हे इथं सगळ्यांनी गृहीतच धरलंय. आता मीही धरलंय.

माझ्या दुसरीच्या वर्गाचं लिहायचं टाळत होते. लिहितेच.

सोमवारी नागूबाई तिच्या लेकीचा, प्रतीक्षाचा, दाखला मागायला आली. इथून जवळच वाशीच्या शाळेत घालणार म्हणाली. मी कारण विचारलं. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"पोरगी अजून वाचंना, बाई. शाळेत बाई काय करत्यात म्हणलं, तर म्हणती, मोबाईल बघत्यात."

कुणासाठी बघते, हे तिला काय सांगू? आणि सांगून पोरीला वाचता थोडंच येणार होतं? प्रतीक्षा माझ्याकडं बघून हसली. तिला माझा राग नाही, तेच जास्त लागलं.

गुरुजी म्हणाले, "तेवढं ऑनलाइन करून टाका, मॅडम."

एरवी रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं. त्या दिवशी वर्गातच रेंज होती. मी तिचं नाव माझ्या वर्गातून काढलं. तेवढ्यात येरमाळ्याच्या एका गुरुजींनी त्यांच्या कामाचा ओटीपी कळवला. पोरं समोर बसली होती, तरी मी तोही टाकत बसले.

शिवू, फोन साधाच घे. कुणी विचारलं, तर येत नाही म्हण.

तुझी ताई
(स्वतःला शाळेतली 'बाई' लिहायला हात धजत नाही)
अयोध्या