राहिलेला डावा हात

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मिळालं. मालिकेच्या कपडेपटात लागलीस काय आणि लगेच स्वतंत्र काम मिळालं काय. मी शेजारणीला दोन जिने चढायला लावून वर बोलावलं आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बिचारी गुडघे चोळत ऐकत होती. वाचता वाचता मी पुढच्या परिच्छेदावर आले आणि अडखळले. मालिकेतला खुनी 'चारबोट्या', त्याचा चार बोटांचा डावा हातमोजा तुला शिवायचाय, आणि करंगळीची जागा कशी बुजवायची ते आजोबांना विचार, आपल्या घरात आयता नमुना बसलाय, असं तू लिहिलंस. विचारलं गं बाई. आजोबांनी पत्र घेतलं, वाचलं, डावा हात खिशात घातला आणि खिडकीशी जाऊन बसले. म्हणून सांगते, हे पत्र संपेपर्यंत कातड्याला कात्री लावू नकोस.

तुझी यात काही चूक नाही. ते नाव कुणाला माहीत नाही? कपाटात अंथरलेला जुना पेपर उचलावा तर त्यावर चारबोट्या. पोरं झोपत नाहीत, बोलवा चारबोट्याला. तू शाळेतून चारबोट्याचा पकडापकडीचा खेळ शिकून आलीस, करंगळी दुमडून आजोबांच्या मागे धावलीस, आणि ते उठून आत गेले. तुला वाटलं आजोबा हरले. करंगळी कुठं गेली म्हणून विचारलंस तर मांजरानं पळवली म्हणाले, आणि तू कितीतरी दिवस शेजारच्या मांजराशी बोलत नव्हतीस.

करंगळी गेली ती कारखान्यात, कातडं कापायच्या यंत्राखाली. तिथंच पलीकडच्या टेबलावर माझी आत्या, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, हातमोजे शिवायची. विकतच्या हातमोज्यात आजोबांचं ते रिकामं बोट लोंबायचं, दारात अडकायचं, चहात बुडायचं. आत्या हसून हसून बेजार व्हायची आणि मग स्वतःच घरी बसून, उरल्यासुरल्या कातड्यातून, भावासाठी दर थंडीत नवी जोडी शिवायची. तिची एक रीत होती. सोपा हात आधी, अवघड नंतर. उजवा शिवून द्यायचा, आठवडाभर वापरायला लावायचा, कातडं कसं बसतं ते बघायचं, आणि मग डाव्याला हात घालायचा. मी तिच्या पायाशी बसून दोऱ्याची टोकं ओली करून द्यायचे. माझी फार लाडकी होती ती.

बारीक टाक्याला उजेड लागतो म्हणून ती खोलीचं दार सताड उघडं ठेवून बसायची. असंच एका दुपारी दार उघडं होतं, आणि तो माणूस आत आला. तुला आम्ही सांगितलं की आत्या तापानं गेली. तशी नाही गेली ती. तुझ्या मालिकेत चारबोट्यानं मारलेली जी 'तिसरी बाई' आहे ना, ती माझी आत्या.

शिवून झालेला डावा हातमोजा झटापटीत उंबऱ्याशी पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचाच फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, खुनी चार बोटांचा आहे म्हणून. आजोबा पोलिसांकडे गेले आणि म्हणाले, साहेब, हा माझा आहे, माझ्या बहिणीनं माझ्यासाठी शिवलाय. त्यांनी हात बघितला आणि आजोबांनाच कोठडीत बसवलं. त्या दुपारी ते कामावरच होते अशी यंत्रावरच्या सोबत्यांनी साक्ष दिली म्हणून सुटले. पुढे खरा सापडला, तर त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत. ती बातमी आली आतल्या पानावर, एवढीशी. तोवर नाव जगाच्या तोंडी बसलं होतं. बहिणीनं मायेनं शिवलेली वस्तू त्या मेल्याची ओळख झाली, आणि आजोबांचा हात खिशात गेला तो गेलाच. घरात हा विषय काढायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

खरं सांगू, मला तुझा नाही, सगळ्या दुनियेचा राग आला. नोकरी सोडून ये, असंच लिहायला बसले होते. आजोबांनी कागद ओढून घेतला. पोरीच्या पोटावर पाय देऊ नकोस, म्हणाले. मग आत जाऊन कपाटातून उजवा हातमोजा काढून आणला. आत्याचा, त्या थंडीतला. कातडं कडक झालंय, टाका एक उसवलेला नाही. डावा पोलिसांकडे गेला तो परत आलाच नाही.

तो उजवा हातमोजा पार्सलात आहे, जपून उघड. सोबत एक कागद आहे. आजोबांनी शेजारणीच्या देखत डावा हात टेबलावर पसरला आणि मला म्हणाले, पेन्सिल फिरव. तिनं आधी त्या हाताकडे बघितलं, मग आजोबांकडे, आणि कागद हलू नये म्हणून कोपरा धरून बसली. रेघ कुठं वाकडी आली असेल तर सांभाळून घे. मालिकेसाठी जे शिवायचं ते शिव, किंवा नको शिवू, ते तुझं तू ठरव. पण आजोबांचा निरोप असा आहे की आधी त्यांचा. सोपा हात आत्यानं करून ठेवलाय म्हणतात, अवघड तेवढा राहिलाय, तो आता पोरीला करू दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई