शिवगंगेची काच

नळदुर्ग, कार्तिक शुद्ध सप्तमी, १९४३
काल सोलापूरच्या मोटारीतून सासरी उतरले. घर हवेशीर आहे, पुढच्या खोलीत यांचं फोटोचं दुकान. सासूबाई मला न्याहाळून म्हणाल्या, पोरगी लई चुळबुळी हाय, फोटोवाल्याच्या घरात हिचं कसं व्हायचं. मी हसले. चांदीच्या औषधानं यांची बोटं काळी पडलीत. मला ती आवडली.

शुद्ध दशमी
लढाईमुळं फिल्म मिळत नाही, म्हणून हे वडिलांच्या जुन्या रीतीनं फोटो काढतात. काचेवर औषध ओतायचं आणि ती ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा. समोरच्यानं जराही हलायचं नाही. नव्या काचाही येत नाहीत. फोटो छापला की काच राखेनं घासून पुन्हा वापरतात. पाटील, देशमुख, सगळे असेच पुसले जातात. एकच काच, कोपरा तुटलेली, खणात गुंडाळून ठेवलीय. यांची पहिली बायको, शिवगंगा. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की पुरण्याआधी विभूती लावून, मांडी घालून बसवतात. तशी बसवल्यावर यांनी तिचा फोटो घेतला होता.

पौर्णिमा
माझा फोटो पुन्हा पुसट आला. हे म्हणाले, शिवगंगा कशी बसली होती, पापणीसुद्धा हलली नाही. मेलेल्या बाईशी माझी बरोबरी. मी जेवले नाही.

वद्य तृतीया
हे अणदूरला गेले होते. ती काच मी घासली. आधी कपाळ गेलं, मग ओठ. फार बरं वाटलं. मग ती कोऱ्या काचांत मिसळून टाकली.

वद्य पंचमी
माझा फोटो लख्ख आला. कोपरा तुटलेली तीच काच. मी डोळे उघडे ठेवले होते, फोटोत मिटलेले आहेत. कपाळावर विभूतीचे पट्टे. मी लावली नव्हती. हे कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, आता जमलं तुला.

वद्य अष्टमी
फोटो भिंतीवर लागला. हे त्याच्याकडंच बघत बसतात, मी शेजारी असताना. सासूबाई म्हणतात, पोरगी निवांत झाली. खरंय. सकाळी घातलेली मांडी दुपारपर्यंत सुटली नाही.

एकादशी
काच पुन्हा घासली. राख, चिंच, नखं. निघत नाही. मान वळत नाही. आरशासमोर बोलून पाहिलं, ओठ हललेच—

द्वादशी
सासूबाईंनी विभूती लावली. का ते विचारायचं होतं. हात अजून चालतो, थोडा— हे दारात आलेत. इतक्या मायेनं यांनी मला कधी हाक मारली नव्हती. शिवगंगे, म्हणाले. आणि माझे ओठ हलले. मी ओ—