पूजेला दिलेली बंदूक

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

लग्नानंतरचा पहिला मार्च. नांदगावजवळच्या आमच्या गावी कांद्याची पात कापायला बसलो होतो — मी आणि शेजारच्या मळ्यातली कुसाबाई. मी हातमोजे घालून! ती हसून हसून आडवी झाली. "काय गं कान्व्हेंटवाले, कांद्याला इंजेक्शन द्यायचंय का?" माझे डोळे गळायला लागले तर म्हणाली, "रड, लय रड. घरी रडाया कुठं टाइम भेटतो?"

आज तिला जाऊन पाच दिवस.

१३ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. मंगळवारी आमच्या नि शेजारच्या मळ्यामधल्या वादाच्या बांधाची सरकारी मोजणी होती. कुसाबाई मोजणीवाल्यांना चहा घेऊन गेली. माझ्या धाकट्या दिराने, नवनाथने, गोळ्या झाडल्या. चार माणसं गेली, कुसाबाई त्यातली एक. मग पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिला म्हणे.

बंदूक ह्यांची. फौजेतून आल्यावर बँकेत पहाऱ्याला होते, तेव्हाची दुनळी. हे गेल्यावर ती पोलिसांत जमा करायला हवी होती. दोन वर्षं उद्या, उद्या करत राहिले. दसऱ्याला हे तिला तेलपाणी करायचे, कुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. ती कपाटात असली की हे घरात आहेत असं वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवनाथ नाशिकला आला. "वहिनी, दादाची बंदूक औंदा गावात पुजू. इथं फ्लॅटात तिला काय मान हाय?" मला पटलं. मीच जुन्या चादरीत गुंडाळून दिली.

१४ ऑक्टोबर

नवनाथने जबाबात सांगितलंय — वहिनीच्या घरातून चोरली. मला वाचवायला!

महेशचा पुण्याहून फोन. "आई, तूही तेच म्हण. चोरीला गेली, विषय संपला."

"अरे, पण—"

"पण काय? या वयात जेलमध्ये जायचंय?"

इन्स्पेक्टर आले. "चोरीच ना, बाई?" मी मान हलवली. नुसती मान.

१५ ऑक्टोबर

लिफ्टचं दार उघडलं. आत तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. मला पाहून म्हणाल्या, "आम्हाला वरच जायचंय." लिफ्ट खालीच निघाली होती.

शाळेत ख्रिश्चन मुली कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर. रोझी आतून आली की उड्या मारत यायची. किती हेवा वाटायचा मला! आत काय सांगत असेल ती? फार तर लिमलेटच्या गोळीची चोरी.

१६ ऑक्टोबर

कुसाबाईच्या दशक्रियेला गेले. मनमाडहून पुढे जाताना दोनदा वाटलं, उतरावं. घाटावर बायका सरकून बसल्या. फक्त तिची नात तेजस्विनी आली, हातात पिशवी. "आजीनं तुमच्यासाठी मिरच्या वाळवल्या होत्या. न्या." मग हळूच, "तुमच्या घरात तर चोरी झाली. तुमचा काय दोष, काकू?"

पिशवी घेतली मी! घेतली.

१७ ऑक्टोबर

चिमणाबाई आज कामाला आली नाही. दुपारी तिचा नवरा दारात. चप्पलही काढली नाही. "तिला ठाण्यात बसवलंय सकाळधरनं. तुमची चावी तिच्याजवळ असते ना? म्हनत्यात, तूच दार उघडून दिलं." मग म्हणाला, "अकरा वर्षं झाली, बाई. चमचा तरी हलला का तुमचा?"

महेशला फोन केला. "सुटेल गं ती. पुरावा कुठाय?"

पुरावा मी आहे.

१८ ऑक्टोबर, सकाळ

ठाण्यात निघाले. महेश, ही वही तुला सापडेल म्हणून लिहिते. तुलाही सांगितलं नव्हतं — नवनाथ नुसती बंदूक घेऊन निघाला होता. काडतुसं त्याच्या ध्यानातही नव्हती. ह्यांच्या पूजेच्या ताटात ती असायचीच, म्हणून मी डबा घेऊन जिन्यात धावले. "भाऊजी, हे राहिलं!" सात होती.

शिवणयंत्र चिमणाबाईला. तिच्या घरी तू स्वतः पोचव, आणि माफी माग, माझी आणि तुझीही. पाटल्या तेजस्विनीला. आधी जिन्याचं सांग, मगच पुढे कर. तिने फेकल्या तर उचलून गुपचूप परत ये. ह्यांचा लोकरी स्वेटर नवनाथला. हो, त्याला. आता थंडी पडेल.