पडद्याआडचा हात

प्रिय धाकट्या,

"हात उचलणाऱ्याने माझ्या ताटाला ताट लावून बसायचं नाही." बाबांचं हे वाक्य तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. तू सातवीत होतास. वर्गातल्या एका पोराच्या कानाखाली वाजवून घरी आला होतास. बाबांनी आवाजही न चढवता एवढंच म्हटलं आणि तुझं ताट उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवलं. ते डुगडुगणारं स्टूल आठवतं? त्यावर बसून तू भिंतीकडे तोंड करून जेवायचास आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उगाच आतबाहेर करायचे. आई तिच्या त्या दबक्या आवाजात म्हणायची, "अहो, पुरे आता." सगळं आयुष्य वाचनालयाच्या टेबलापाशी गेलेलं, तिला घरीसुद्धा मोठ्याने बोलायला जमायचं नाही. बाबांना पुरे वाटायला मात्र बरेच दिवस लागले.

आता आधी बातमी सांगते, बाकीचं मग. बाबांनी नगरसेवकाला मारलेलं नाही. हे मी त्यांची मुलगी म्हणून म्हणत नाही. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश बाईंनी तसं लिहून दिलं आहे, नगरसेवकाने तक्रार मागे घेतली आहे आणि पोलिसांत जायची भानगड संपली आहे. इतके दिवस छातीवर कुणी बसून होतं, ते उठून गेल्यासारखं वाटतंय. काल दुकानात एका आजोबांना नवा चष्मा घालून देताना मी आपली हसतेय, हसतेय. ते शेवटी म्हणाले, "काय गं, माझं नाक वाकडं आहे का?" हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "ताई, तो विषय सोडून बोल" म्हणतोस आणि मी सोडते. पत्राला असं गप्प करता येत नाही.

तू जो व्हिडिओ पाहिलास तो मीही पाहिला, मोजता येणार नाही इतक्या वेळा. नाट्यगृहात नागरिकांची सभा. वाचनालय पाडून तिथे गाड्या लावायला जागा कशी होईल ते नगरसेवक माइकवर सांगतोय. बाबा खुर्चीतून उठतात, बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर जातात आणि त्याच्यासमोर उभे राहून विचारतात की पुस्तकं कुठे जाणार. तो माइक बाजूला करून काहीतरी म्हणतो, ते नीट ऐकू येत नाही, लोक हसतात, आणि एकदम दर्शनी पडदा खाली. फाडकन आवाज. पडदा वर जातो तेव्हा नगरसेवक गाल धरून उभा, चष्मा खाली पडलेला, आणि बाबांचा उजवा हात हवेत. झालं. मधलं कुणालाच दिसलं नाही, म्हणून प्रत्येकाने मधलं आपापल्या मनाने भरून काढलं. नगरसेवक म्हणाला, काकांनी कानफटात मारली. त्याचा सेक्रेटरी म्हणाला, एक नाही, दोन. पहिल्या रांगेतल्या बायका शपथेवर सांगायला तयार की चष्मा त्याने स्वतःच पाडला, शाळेपासून नाटकी आहे मेला. दूधवाला तर सभेला गेलाच नव्हता, तरी त्याने रोज सकाळी दारात बाबांना सलाम ठोकायला सुरुवात केली. मारता यावं म्हणून पडदा मुद्दाम पाडला, असंही कुणीतरी उठवलं. आणि बाबा? ते म्हणायचे, "ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा." मी म्हटलं, "अहो बाबा, कुणीच पाहिलेलं नाही!" तर म्हणाले, "मग कुणालाच विचारू नका."

त्यांच्या या गप्प बसण्याने मला जेवढं रडवलं तेवढं त्या तक्रारीने नाही. मधेच एक दिवस नगरसेवकाची बायको दुकानात आली. काउंटरवर त्याचा चष्मा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडूनच घेतला होता, तुम्हीच सरळ करून द्या. मी आणखी कुठे जाऊ?" मी हातात घेतला आणि थबकले. थप्पड बाजूने बसते रे. काडी वाकते, बिजागरी निखळते. इथे दोन्ही काड्या धड होत्या आणि नाकावरचा पूल वरून खाली दबला होता. पण मी पडले आरोपीची मुलगी, माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? मी तो सरळ केला नाही. म्हटलं, "वहिनी, चौकशी होईपर्यंत असाच राहू दे." ती चष्मा रुमालात गुंडाळून घेऊन गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

तुझा फोन त्याच्या आधीचा. मी शेजारीच उभी होते. तू "कसे आहात" सुद्धा विचारलं नाहीस. "बाबा, आता तुम्ही कुणाच्या ताटाला ताट लावून बसणार?" एवढंच म्हणालास. मी तुला दोष देत नाही. इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते, कधीतरी बाहेर पडणारच होतं. बाबांनी फोन ठेवला, आणि त्या रात्रीपासून आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात ओट्यापाशी जेवायला बसायला लागले. भिंतीकडे तोंड करून, त्याच स्टुलावर. तुझे भावजी दोनदा हाताला धरून बाहेर आणायला गेले. "असू द्या, इथे वारा येतो," म्हणाले. तिथे खिडकी तरी आहे का? मला वाटलं, तुझं बोलणं लागलं त्यांना.

चौकशीच्या दिवशी न्यायाधीश बाईंनी सगळ्यांना नाट्यगृहातच बोलावलं. निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण आवाज असा की विंगेतल्या उंदरानेही सावधान उभं राहावं. खुर्ची रंगमंचावर मागच्या बाजूला ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "मला ऐकायचं नाही, बघायचंय. त्या दिवशी जो जिथे होता तिथे उभा राहा." लोक खाली बसले, बाबा आणि नगरसेवक वर, आणि विंगेत दोरापाशी आपले पडदेमामा. आठवतात ना? शाळेच्या नाटकाच्या वेळी आपल्याला विंगेत बसू द्यायचे ते. पडदा कसा पडला याचं उत्तर त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं: दोर निसटला. बाई नगरसेवकाला म्हणाल्या, "हं, काका वर आले, पुढे?" तो म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, काका, बसा खाली." आणि ते म्हणताना त्याने त्या दिवशीसारखाच तळहात पालथा करून हात सावकाश खाली नेला. बाबा अर्धं पाऊल आधीच पुढे सरकले होते, ते मी पाहिलं. वर काहीतरी खडखडलं आणि पडदा आला की खाली!

आपल्याकडचा पडदा वरून येणारा, आणि त्याच्या खालच्या कडेत तो जाड लाकडी दांडा. आम्हाला समोरून फक्त तोच फाडकन आवाज ऐकू आला. पडदा वर गेला तेव्हा नुसत्या सवयीने गाल धरून उभा असलेला नगरसेवक, आणि बाबांचा उजवा हात हवेत. हुबेहूब तो व्हिडिओ! पण या वेळी मागे बाई बसलेल्या होत्या. त्यांनी पाहिलं की दांडा डोक्यात बसायच्या आत बाबांनी त्याला खांद्याला धरून मागे खेचलं, आणि मग विंगेकडे बघून हात वर केला. हात पालथा करून खाली नेला की पडदा सोडायचा, वर केला की ओढायचा. बाबा शाळेची नाटकं बसवायचे त्या काळात नाट्यगृहातली घंटा बिघडली, तेव्हा बाबांनी आणि पडदेमामांनी मिळूनच ठरवलेल्या खुणा या. पुढे मामांचे कान गेले, तसा त्यांचा सगळा संसार त्या खुणांवर चालला. बहिरेपण कळलं तर घरी बसवतील म्हणून त्यांनी दोर निसटल्याचं सांगितलं, आणि म्हणूनच बाबा तोंड उघडत नव्हते. मामा विंगेतून बाहेर आले, नगरसेवकापुढे हात जोडून रडायलाच लागले. "साहेब, हात तर तुम्हीच केलात!" बाईंनी तो दबलेला चष्मा मागवून घेतला, दांड्याशी धरून पाहिला आणि तोंडाला पदर लावला. हसू दाबत होत्या त्या. नगरसेवक दांड्याकडे बघतोय, बाबांकडे बघतोय. "काका, म्हणजे तुम्ही मला ओढत होतात?" बाबा म्हणाले, "दोन्ही वेळा."

तो खोटं बोलत नव्हता रे. त्या दिवशी दांडा चष्मा दाबून गालाला घासून गेला होता, समोर चिडलेला माणूस उभा होता, मीही तेच समजले असते. जाताना तो बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण पुस्तकं कुठे जाणार?" वाचनालयाचा विषय आता पुढच्या बैठकीत नव्याने घेणार आहेत. मामांची नोकरी राहिली. खुणा बंद, विंगेत लाल दिवा बसवायचा ठरलाय, आणि त्यावरून मामा रुसलेत. "दिव्याला नाटकातलं काय कळतं," म्हणतात.

मग त्या संध्याकाळी मी टेबलावर सगळ्यांची ताटं मांडली. बाबा आले, आपलं ताट उचललं आणि आत गेले. मी मागोमाग गेले, चिडलेच जरा. "आता काय राहिलं बाबा? सगळ्या गावाला कळलं तुम्ही मारलं नाहीत ते." ते घास हातात धरून बसले. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे व्हिडिओत नाही आणि बाईंच्या कागदावरही नाही. लोक कशावर हसले होते ते, जे माझ्यासमोर कुणीच बोललं नव्हतं. नगरसेवक म्हणाला होता, "काका, पार्किंगला आपण वाचनालयातल्या बाईंचंच नाव देऊ. खाली पाटी लावू, हॉर्न हळू वाजवा." आणि हे त्याने आपल्या गेलेल्या आईच्या आवाजात म्हटलं होतं. तिच्या त्या दबक्या आवाजाची नक्कल करून. "हात उठला होता माझा," बाबा म्हणाले. "ओढायला नव्हता उठला. त्याने हात खाली नेला, वर खडखडलं, आणि मग तोच हात त्याला ओढायला गेला. मामाने मला वाचवलं, बाकी काही नाही." मग म्हणाले, "त्या पोरानेही तेच केलं होतं. शाळेत, तुझ्या आईची नक्कल. म्हणून मारलं होतं धाकट्याने. तुझ्या आईने मला नंतर सांगितलं, आणि तरी मी त्याला इथेच बसवून ठेवलं."

तेव्हा हे पत्र बाबा निर्दोष सुटले हे कळवायला नाही, ते तर तुला बातम्यांतूनही कळलं असतं. ते स्टुलावरून उठत नाहीत, आणि तिथून त्यांना उठवायचा अधिकार माझा नाही, तुझ्या भावजींचा नाही आणि न्यायाधीश बाईंचाही नाही. तो फक्त तुझा आहे. मी आणखी एक स्टूल आणून ओट्यापाशी ठेवलं आहे, हे डुगडुगत नाही. तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. एकदा ताणून धरलं की सोडायचं नाही, हे तू ज्यांच्याकडून शिकलास त्यांच्याच घरात मी राहते. तरी विचारते. या रविवारी ये. त्यांना काही बोलू नकोस, माफी मागू नकोस, मागायलाही लावू नकोस. फक्त वाढून घे, आत जा, आणि तुझं ताट त्यांच्या ताटाला लाव.

तुझीच,
ताई