तीन निशाणं आणि एक जावई

प्रिय नेविन,

आधी हे सांगून टाकतो की जहाज अजून टेबलावर उभं आहे. पुढची डोलकाठी मोडली आहे, मधलीचा शेंडा वाकडा झाला आहे, आणि दोरांचा असा काही गुंता झाला होता की तुझ्या आईने भरतकामाची कात्री माझ्यापुढे ठेवली आणि हसायला स्वयंपाकघरात निघून गेली. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो आहे. दोन महिन्यांत तू मला काहीच विचारलेलं नाहीस. दमियातला फोन केला की तो सोहैर मावशीच उचलते आणि म्हणते, "नेविन आंघोळीला गेलीय." एवढ्या आंघोळी कुणी केल्या असत्या तर दमियातपाशी नाईल नदी कोरडी पडली असती. तुझा निकाह या शुक्रवारी आहे, हे मला तुझ्या आईने मसूर निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता. बापाच्या जागी फिकरी मामा बसणार, हेही सांगितलं. मग सोमवारी पहाटे बॅग उचलून तीही तुझ्याकडे निघून गेली. फिकरी मामा चांगला माणूस आहे. पत्त्यांत लबाडी करतो, पण चांगला आहे. त्याने तुझ्यासाठी माझ्या जागी बसावं, हे मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

या जहाजाने आपल्या घराचं काय केलं ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस. दोन हजारांवर प्लास्टिकचे तुकडे, शंभर तोफा, प्रत्येक तोफेला स्वतंत्र चाकं. तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर त्याचा मुक्काम, आणि आपण तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. तुझी आई पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे बंदर आहे, जेवायची सोय नाही." रंगाचा ब्रश चहाच्या ग्लासात बुडवून तोच चहा मी किती वेळा प्यायलो याची गणतीच नाही. त्याच्या आधीचं छोटं जहाज आठवतं तुला? तू आठ वर्षांची होतीस. डोलकाठीवर चढायच्या दोरांच्या शिड्या एकेक गाठ मारून विणाव्या लागतात आणि माझी बोटं जाड. तू माझ्या मांडीवर बसून जीभ बाहेर काढून गाठी मारायचीस. बत्तीस गाठी झाल्या की संप. आइस्क्रीम आल्याशिवाय तेहेतिसावी गाठ पडायची नाही. चौतीस वर्षं जकात कचेरीत मी कागदांवर शिक्के मारले, पण हाताखालून काही खरं तयार होतंय असं वाटायचं ते त्या टेबलापाशी, तू जवळ असताना.

आता त्या संध्याकाळबद्दल. शेहाब आणि त्याचे आईवडील मागणी घालायला आले, लग्न पक्कं करायला फातिहा वाचायची ठरली होती, बसबूसाच्या मिठाईचं ताट समोर होतं. मी काय केलं? टगबोटीवर काम करणाऱ्या त्या पोराला कमाई किती, घर कुठे, यातलं काही न विचारता हाताला धरून जहाजापाशी नेलं. तो वाकला, चांगली पाच मिनिटं बघत राहिला, आणि माझी छाती फुगत गेली. मग म्हणाला, "काका, काम अप्रतिम आहे. फक्त एक सांगा, वारा कुठून येतोय?" मी म्हटलं, "मागून. शिडं फुगलेली दिसत नाहीत का तुला?" तर म्हणाला, "मग ही तिन्ही निशाणं मागे कशी उडतायत? शिडं पुढे आणि निशाणं मागे, असे दोन वारे मी तरी कधी बघितले नाहीत." त्याच्या आईने त्याला चिमटा काढला, तो मला दिसला. त्याच्या वडिलांनी छताकडे बघितलं, तेही दिसलं. आणि माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी म्हणालो, "दुसऱ्यांची जहाजं ढकलत फिरणाऱ्याने मला शिडं शिकवायची नाहीत!" एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी बसबूसाचं ताट उचलून आत नेलं. नेविन, पाहुण्यांच्या पुढ्यातलं ताट! माझी आई जिवंत असती तर तिने मला चपलेने मारलं असतं.

तू दुसऱ्या दिवशी निघून गेलीस आणि मी बुधवारी क्लबात गेलो. क्लब म्हणजे तुला माहीतच आहे, कॉफीहाऊसच्या मागच्या खोलीत डिंकाचा वास घेत छोटी जहाजं जोडत बसलेले आम्ही पाच म्हातारे. सगळी हकीकत सांगितली. बाकीचे चौघेही एकमुखाने म्हणाले की पोरगा मूर्ख आहे. घड्याळवाला बिशारा तर म्हणाला, "तीस वर्षं आपण निशाणं मागेच लावतोय. पाच जणांचे दहा डोळे काय चुकणार?" मी खूश होऊन घरी आलो. पण जिन्यात मला प्रश्न पडला की निशाण उडताना आपण पाच जणांनी पाहिलंय तरी कुठे? आणि उत्तर सापडलं. मंत्र्यांच्या गाड्यांवर! गाडी पुढे धावते, निशाण मागे फडफडतं. तीस वर्षं आम्ही राजांच्या युद्धनौकांवर मंत्र्यांच्या गाड्यांची निशाणं लावत होतो. तरीही मी हार मानली नाही. पडलो तरी नाक वर, हा आपल्या खानदानाचा गुण तुझ्यातही उतरलाय, उगाच नाकारू नकोस.

मग मी तो मूर्खपणा केला. माझी काय अवस्था होते ते तुला माहीत आहे, स्टॅन्लीच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या होडीकडे नुसतं बघूनही मला मळमळतं. तरी अनफूशीच्या धक्क्यावर जाऊन एका शिडाच्या मासेमारी बोटीच्या मालकाला गाठलं आणि म्हटलं, "वारा पाठीशी घेऊन मला एक फेरी मारून आण." त्याला वाटलं मी जीव द्यायला निघालोय. म्हणाला, "चाचा, घरी भांडण झालंय का?" मी म्हटलं, झालंय, पण ते वेगळं. बोट निघाली, शीड फुगलं आणि दहाव्या मिनिटाला माझं पोट तोंडात आलं. मी भल्या माणसासारखं बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन बाहेर तोंड काढलं. नेविन, वारा मागूनच येत होता. जे बाहेर गेलं ते सगळंच्या सगळं माझ्या सदऱ्यावर परत आलं. मालक ओरडला, "वाऱ्याच्या तोंडावर कोण ओकतं, चाचा?" डोळे पुसून वर बघितलं, तर डोलकाठीवरची त्याची लाल चिंधी मजेत पुढे उडत होती, शिडाच्याच दिशेला. शेहाब बरोबर होता. मला ते कळावं म्हणून देवाला माझा एक चांगला सदरा खर्ची घालावा लागला.

त्यानंतर निशाणं फिरवायला बसलो. पहिलं ब्लेडच्या पात्याने सुटलं. दुसरं सुटताना मधल्या डोलकाठीचा शेंडा वाकवून गेलं. तिसऱ्याने पुढची डोलकाठी बरोबर नेली, आणि तिला बांधलेल्या सगळ्या दोरांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले. तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "तीन वर्षं बांधलंत, एका दुपारी मोडलंत. मुलीचंही असंच केलंत." आणि मग ती कात्री घेऊन आली. मी कागदाची नवी निशाणं केली, पातळ डिंकात भिजवली, पेन्सिलीवर गुंडाळून वळवली आणि यावेळी पुढे उडवली. क्लबातही जाऊन सांगितलं. बिशाराने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी त्याच्या खिडकीत बघितलं, तर त्याच्या दोन जहाजांची निशाणं गायब होती.

पण बाळ, निशाणं ही नुसती सबब होती. ते मला सदरा धुताना समजलं, आणि एकदा समजल्यावर त्याच्यापासून पळता येईना. त्या संध्याकाळी, जहाजापाशी जायच्या आधी, शेहाबची आई सहज म्हणाली होती की त्याची बदली सफागाच्या बंदरात झालीय आणि लग्न झाल्यावर तुम्ही दोघं तिकडेच राहाल. बसने अकरा तास. त्या क्षणापासून मी त्याच्यात खोट शोधत होतो. त्याने निशाणांची स्तुती केली असती तर मी म्हटलं असतं, पोरगा लाळघोट्या आहे. गप्प बसला असता तर म्हटलं असतं, मुका आहे. बिचाऱ्याने खरं बोलून माझं काम सोपं केलं. तू दूर जायला मला नको होतं, एवढंच. बाकी सगळा डिंक आणि धागा. हे मला तिथेच, त्या खोलीत, सर्वांसमोर म्हणता आलं असतं, तर आज तू मला फोनवर भेटली असतीस.

परवा, बुधवारी, मी बंदरावर शेहाबला भेटलो. तो डिझेलने माखलेला होता, मला बघून आधी घाबरला, मग त्याने एका उलट्या डब्यावर रुमाल अंथरून मला बसवलं. मी माफी मागितली. अर्धी मागून झाली तोच त्याने मला अडवलं. "काका, माझं काही नाही. मी लहान आहे, मला तुम्ही रोज ओरडलात तरी चालेल. पण ती रोज संध्याकाळी फोनजवळ बसून असते आणि वाजला की मावशीला उचलायला लावते. तिला लिहा." असा जावई मी घरातून हाकलला, हे आता जन्मभर माझ्या डोक्यावर राहणार.

म्हणून लिहितो आहे. आणि हे पत्र पोस्टाने येत नाहीये. आज शुक्रवार आहे, आणि मी तुझ्या मावशीच्या घरासमोरच्या कॉफीहाऊसात सकाळी सातपासून बसलोय, इस्त्रीचा कोट घालून. जिना चढायचं धैर्य होत नाही. वर तुझ्या मैत्रिणींचा गलका चाललाय तो इथे ऐकू येतो. सोहैर मावशी तासाला तीनदा बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडते, कधी लिंबांसाठी, कधी बर्फासाठी. पुढच्या खेपेला मी हे पत्र त्या टोपलीत लिंबांखाली ठेवणार आहे. दुपारी असरच्या नमाजानंतर निकाह लावणारे शेख येतील, वधूच्या बापाचा आणि नवऱ्या मुलाचा हात एकमेकांत देऊन वर पांढरा रुमाल टाकतील. तो हात माझा असावा असं मला फार वाटतं. हक्क म्हणून नाही, तो मी घालवलाय, तुझी इच्छा असली तरच. तू नको म्हणालीस तरी मी इथून हलणार नाही. तू बाहेर पडशील तेव्हा इथूनच तुला बघीन आणि दुवा देईन. आणि हो म्हणणार असलीस तर लांबलचक काही बोलू नकोस, मला सगळ्या रस्त्यासमोर रडायला लावू नकोस. नुसती बाल्कनीत ये आणि मला हाक मार.

तुझाच,
खाली बसलेला बाबा