पानगळीचा चेहरा

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आई म्हणते, गुडघ्याबद्दल विचारलं की आत्या गुडघा सोडून सगळ्या जगाबद्दल बोलते. म्हणून आधीच विचारून टाकलं.

मला मोठं काम मिळालंय. जगाला छळून गेलेल्या कॉम्प्युटर व्हायरसांची चित्रं काढायची, त्यांचं प्रदर्शन भरणार आहे. हसू नकोस. जे कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला चेहरा द्यायचा. प्रेमपत्र बनून घरोघरी शिरला होता, त्याला मी पोस्टमन केलंय. पिशवी गच्च भरलेली आणि तोंडाच्या जागी नुसतं उघडं पाकीट. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्याला केलंय शेजारची गोड म्हातारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

शेवटचं चित्र अडलंय. पानगळ. छापखान्यात बाबांनी ज्याला हे नाव दिलं, तो. पडद्यावरची अक्षरं एकेक करून खाली पडतात, एवढंच मला आईकडून ठाऊक. मी काढायला बसते आणि दर वेळी कागदावर बाबांचे डोळे उमटतात. मुद्दाम नाही गं. शिंगं काढली, सुळे काढले, तरी वर डोळे त्यांचेच. आता त्या कागदांकडे पाठ करून बसवत नाही.

बाबांचं मशीन, छापखान्यातला तो जुना कॉम्प्युटर, तुझ्या आतल्या खोलीत चादरीखाली आहे ना? एकदाच चालू करून बघू दे. आई म्हणते, आत्या पाय ठेवू देणार नाही. देशील ना?

लोभ आहेच. तो तुझ्या गुडघ्यासारखा कुरकुरू नये, एवढीच विनंती.

तुझी ठमी


११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई बरोबर बोलली. पाय ठेवू देणार नाही.

आता रुसू नकोस, ऐक. छापखान्यात तुझा बाबा टाइप करायचा आणि शेजारी बसून मी पानं लावायची. शाळा माझी अर्धवट, मशीन शिकले ते त्याच्याकडे तिरकं बघून. एक दिवस कुणीतरी बाहेरून फ्लॉपी आणली आणि त्याच्या पडद्यावरचा एक काना घसरून तळाशी गेला. आमच्याकडे फॉन्ट दिवसातून दोनदा उडायचा, अक्षरांची गवतकाडी व्हायची. त्यामुळे कुणाला शंका म्हणून आली नाही. फॉन्ट उडाला, फॉन्ट उडाला म्हणत आम्ही तीच फ्लॉपी सगळ्या मशीनना फिरवली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, दुसरं काय! संध्याकाळपर्यंत सगळी पानं गळत होती. त्यावरून बाबाने नाव ठेवलं पानगळ. मालक डोकं धरून बसले होते आणि हा हसत होता.

ते मशीन मालकांनी टाकून दिलं, बाबाने इथे घरी आणलं. तेव्हा आपण सगळे एकत्रच राहायचो. त्यावर तो तुझ्यासाठी बाराखडीचं पुस्तक लिहीत होता, चेष्टेचं. तेवढ्यात तो स्कूटरचा अपघात झाला.

तो गेल्यावर मी ते उघडलं. क, ख, ग वाचत ठ पर्यंत आले. ठ ठमीचा. आणि ठमीमधली वेलांटी सुटली, खाली गेली. मग म गेला. तू तेव्हा आत तापाने फणफणली होतीस. मी मनात म्हटलं, भाऊ गेला, आता पोरीचं नाव गळतंय. मी वायर उपटली आणि कात्रीने कापली. ताप उतरला तुझा. लोकांना काय म्हणायचंय ते म्हणोत.

दुपारी त्या खोलीतून कधीकधी आवाज येतो, बारीक काहीतरी खाली पडल्यासारखा. मशीनला वायर नाही, हे मला कळतं. तरी मी आत जात नाही. जे उरलंय ते तरी राहू दे गं. बाबाचं आणखी काय आहे आपल्याकडे?

जेवत जा वेळेवर. माया पातळ करू नकोस.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. वेलांटीचं तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ माझ्या कपाळाला हात लावून बसली, जणू ताप आजच आहे.

जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी विचारलं. ते म्हणाले, पानगळ नुसता नाटकी. अक्षरं पडद्यावरून पडतात, फाइलमधून नाही. आतला मजकूर जिथल्या तिथे असतो. आत्या, काहीच गळलेलं नाही! माझं नावसुद्धा.

पण त्यांनी आणखी एक सांगितलं. इतकी वर्षं बंद पडलेली डिस्क चालू झाली तर एकदा होईल, पुन्हा होईलच असं नाही. म्हणजे बाबांचं लिहिलेलं मिळालं तर त्या एका वेळेतच. चित्राचं राहू दे. मला ते पुस्तक हवंय. तुझ्या होकाराशिवाय हात लावणार नाही, पण लवकर कळव.

काका प्रत्येक प्रश्नाला एक टोमणा मारतात. त्यांचे आणखी ऐकायची माझी ताकद नाही, तुझे चालतील.

तुझी ठमी


२६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
उदंड आशीर्वाद. आधी माझ्यावर रागाव आणि मग पुढे वाच.

मशीन मीच चालू केलं. तुला न सांगता. आत काहीच नसलं तर ते तू बघू नयेस, असं वाटलं. कोपऱ्यावरच्या वायरमनने नवी वायर बसवून दिली. त्याला चहा पाजून घालवला आणि मगच बटण दाबलं. खरखर झाली. पडदा उजळला. आणि पोरी, ठमी जागेवर होती! वेलांटीसकट.

मी भराभरा उतरवून घेतलं, सोबत पाठवते. क कावळ्याचा, कावळा आत्यासारखा, स्वतः उठतो आणि गावाला उठवतो. मेल्याने मला सोडलेलं नाही. प्रत्येक अक्षराला असा एकेक चिमटा आहे. ब पर्यंत आहे. ब बाबाचा. बाबा. एवढंच. पुढे ती उभी रेघ उघडझाप करत होती. मी कितीतरी वेळ बघत राहिले. जरा उठून गेलाय, येऊन पुढचा शब्द टाकेल, असं वाटायला लागलं.

मग गळायला सुरुवात झाली. या वेळी मी वायरला हात लावला नाही. तुला चेहरा हवा होता ना, म्हणून डोळे फाडून बघितलं. आमच्या त्या फॉन्टात काने-मात्रा वेगळ्या टाइप व्हायच्या, म्हणून त्या आधी सुटल्या. मग बाकी सगळा पडदा रिकामा झाला. सगळ्यात शेवटच्या बाबाचे दोन्ही काने गेले आणि बब एवढं उरलं. तू बोलायला लागलीस तेव्हा त्याला असंच म्हणायचीस, तुला नाही आठवणार.

ते दोन ब काही पडेनात. मग जळका वास आला आणि पडदा काळा झाला. पुन्हा काही चालू होत नाही. तुला बघायला मिळालं नाही, त्याबद्दल हवं ते बोल.

खोलीत आता काही पडत नाही. चैन पडत नाही, ते वेगळं.

रागातही विसरू नये ही विनवणी.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. दोन दिवस तुझी पानं उघडलीच नाहीत. मग उघडली, आणि मी आणि आई कावळ्यावर इतक्या हसलो की आईला ठसका लागला.

चित्र झालं. काळा पडदा, तळाशी काने, मात्रा, वेलांट्यांचा ढीग आणि मधोमध तेवढे दोन ब. शिंगं नाहीत, डोळे नाहीत. या वेळी ते डोळे आले नाहीत. मी वाट बघितली तरी.

काल सकाळी शेवटचा ब रंगवला आणि रंग बघायला जरा मागे सरले. सहज मोठ्याने वाचलं. बब. बाकी मनात काही नव्हतं. आणि बाहेरच्या खोलीतून कुणीतरी ओ दिली.

मला वाटलं, भास झाला. इतके दिवस तेच तर काढतेय. मी ब्रश तसाच हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली आणि तिने मला विचारलं, ठमे, बाहेर कोण आलंय गं?

दार आतून बंद होतं. आम्ही दोघी अजून त्याबद्दल बोललेलो नाही. तू येतेस का? गुडघा सांभाळून, पण ये.

तुझीच ठमी