तळची देवळी

कार्तिक वद्य १४, शके १८४४

काल इथं लिहिलं ते चूक. 'एकादशीला तळच्या देवळीतली देवी जागेवर होती' — मी ती पाहिलीच नव्हती! देवळी पाण्याखाली होती. बारवेच्या भिंतीतल्या वरच्या देवळ्यांमधल्या मूर्ती हात लावून पाहिल्या, आणि राखणीच्या कागदावर तळचीपुढं नेहमीसारखं 'ठीक' लिहिलं. आश्विनात पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा माझे वडील, आप्पाच म्हणाले होते, "पाण्याखाली हाय ती. कुटं जातीय? लिही ठीक."

कागदावरच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण काल पाटलांच्या मोटा चालून पाणी उतरलं आणि देवळी उघडी पडली — रिकामी! चावडीवर मला बोलावलं. गहिनीनाथ पाटलांनी विचारलं, "लिहिणारीण, शेवटची कदी पायलीस?" सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी म्हणाले, "एकादशीला."

द्वादशीला गावाबाहेर वडार उतरलेत. पाटलांना एवढंच हवं होतं. "विहिरी खांदणारी जात. बुडी मारून काढली त्यांनीच!" यल्लाप्पा वडाराचे पाय खोड्यात अडकवले. पोलिसांचे अमीन येऊन त्याला बीडला नेणार.

माझ्या एका शब्दावर.

अमावास्या

यल्लाप्पाची बायको चावडीसमोर लिंबाखाली बसून आहे, तान्हं पोर घेऊन. मी घागर घेऊन जाताना यल्लाप्पानं आतून हाक मारली — "आक्का, तू बघितली?"

मी पळाले. अर्धी घागर अंगावर सांडली.

मार्गशीर्ष शुद्ध १

हे काम मी मागून घेतलं नव्हतं. जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब हैदराबादहून आले, म्हणाले, बारव फार पुरातन आहे, पगारी राखणदार मिळणार नाही, गावानंच लक्ष ठेवून कळवत जावं. पुरुष हसले. "दगडाला राखण कावून?" तेव्हा बायनाबाई पदराआडून म्हणाली, "पाणी आमी भरतो. आमीच बगू." मग ज्या बाईच्या पायरीजवळ जी देवळी, ती तिची. लिहिणं माझ्याकडं आलं — आमच्या घरातल्या बायकांत अक्षर शिकलेली मी पहिलीच. आप्पांनी ओसरीवर धूळपाटी घेऊन शिकवलं. बायका चिडवायच्या — "उठा गं, तहसीलदारीण आली!" मला बरं वाटायचं.

तळची देवी कुणा एकीची नव्हती, सगळ्यांची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिच्या डाव्या गुडघ्यावर घागर टेकवून दम घ्यायचा. किती पिढ्यांच्या घागरी टेकल्या असतील — गुडघ्याला वाटीएवढा खळगा पडला आहे. लहानपणी मी त्यात बोट फिरवायची.

आज बायनाबाईला घेऊन खाली उतरले. देवळीत हात घातला. मूर्ती जिथून उखडली तिथल्या घावावर शेवाळ! जाड, हिरवं. नखानं खरवडलं तरी निघेना.

"हे दोन दिसाचं न्हाई गं," बायनाबाई म्हणाली.

"म्हणजे पाणी चढायच्या आधीच नेली. वडार तर आत्ता आले!"

"उन्हाळ्यात गाळ काढला तवा बारव बायकांना बंद हुती."

"गाळ कुणी काढला होता?" मी तेव्हा आजोळी चकलांब्याला होते.

बायनाबाईनं माझ्याकडं बघितलं. घागर उचलली. "तू पायली म्हनलीस ना? मग पायलीच. गप ऱ्हा, बाई." आणि पायऱ्या चढून गेली.

शुद्ध २

खरं सांगायला चावडीपर्यंत गेले आणि परत आले. दारात पाटील पान खात उभे होते. "का गं, आनिक काय पायलंस?" सगळे हसले.

शुद्ध ४

आज सिरसाळ्याची माणसं आली. माघात माझं लग्न तिकडं ठरलंय. सासूबाई — सुभद्राबाई — हिरवं पातळ घेऊन आल्या. त्यांच्या घरचं नवं देऊळ बांधून होत आलंय. आईला कौतुकानं सांगत होत्या, "मूर्ती लई देखणी, जुनी. गुडघ्यावर खळगा हाय बगा, जनू हळद-कुंकू ठेवायलाच केलाय! सूनबाई आली की पैली पूजा तिच्या हातची."

माझ्या हातातलं ताट पडलं. आई रागावली. सुभद्राबाई म्हणाल्या, "असू द्या, पोर लाजली."

कुणी दिली, ते विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. आप्पा उठून गोठ्यात गेले — वैरण टाकलेली असताना.

शुद्ध ५

आप्पांना विचारलं. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"गाळाच्या गाडीत घातली. वर गाळ टाकला." मग पाठीवरचा हात काढून — "शिकलेली पोरगी म्हनून चार ठिकानी न्हाई म्हनले, बाई. सिरसाळ्याच्यांना देवळाला जुनी मूर्त पायजे हुती."

मी म्हणाले, "यल्लाप्पाला नेतील."

"ठावं हाय."

"मी पाहिली नव्हती, एवढं चावडीवर सांगणार आहे."

"आन् अमीनानं फुडचं इचारलं तर?"

माझं उत्तर त्यांना ठाऊक आहे. खोटं लिहायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं, त्याच धूळपाटीवर. त्यांनी बैलाचं दावं सोडलं, परत बांधलं.

एवढं लिहून ठेवते. अमीन उद्या येतात. उद्या, चंपाषष्ठीला, सकाळी मी चावडीवर जाणार.